कार्डावरचे चार लाख आणि खाजनाचा बांध

चतुर्थी तोंडावर आली होती आणि आमच्या वाड्यावरचा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, माडावरून पडला. पावसाने माडाला शेवाळ धरलेले, घरोघरी नारळांची घाई, आणि त्याचे वय पन्नाशीपुढचे. मांडीचे हाड मोडले. 108 आली, बांबोळीला नेले, शस्त्रक्रिया होऊन रॉड बसला, बारा दिवसांनी तो घरी आला. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, भरावे लागले ते जवळपास काहीच नाही. वाड्यावर सगळे म्हणाले, सुटला एकदाचा.

महिन्याभराने त्याची बायको माझ्या सोप्यावर येऊन बसली. पतसंस्थेत तीस वर्षे हिशेब लिहिले, त्यामुळे निवृत्त झालो तरी वाड्यावरचे कागद माझ्याकडेच येतात. कापडाच्या दुकानाच्या पिशवीतून तिने एकेक वस्तू काढली. रेशनकार्ड, एक्स-रेचे पाकीट, औषधांच्या पावत्यांची रबर लावलेली गुंडाळी, आणि शेवटी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड. कार्डाला तिने दुहेरी प्लास्टिक घातले होते.

"भाई, हे चार लाख आमचेच न्हय? तातूंतले थोडे काडूंक मेळटले?"

मला हसू आले नाही, कारण चांगली शिकलेली माणसेही असेच समजतात. कार्डावर चार लाख म्हणजे आपल्या नावावर कुठेतरी चार लाख ठेवलेले आहेत, आजारी पडलो नाही तर ते वाया गेले. 'सर्वांना आरोग्य संरक्षण', 'परवडणारा आरोग्य विमा' हे शब्द आपण पेपरात रोज वाचतो, पण पैसा येतो कुठून, जातो कुठे आणि मधे अडतो कुठे, हे कोणी बसून सांगत नाही. तिला सांगितले तेच इथे जरा विस्ताराने लिहितो.

आधी कार्ड. ही योजना गोव्यात 2016 मध्ये आली. तिचे वेगळेपण असे की तिला उत्पन्नाची अट नाही. पाच वर्षे किंवा अधिक काळ गोव्यात राहणाऱ्या कुटुंबाला ती घेता येते, मग तो पाडेली असो की पणजीतला दुकानदार. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला चार लाख. कुटुंबाने भरायचे ते दोनशे किंवा तीनशे रुपये. हे चार लाख म्हणजे कमाल मर्यादा. ठरलेल्या यादीतली शस्त्रक्रिया किंवा उपचार, ठरलेल्या इस्पितळात, ठरलेल्या दराने झाला की तो खर्च योजना थेट इस्पितळाला देते. यादीत 447 उपचार आहेत. यादीबाहेरचे काही झाले तर कार्डाचा उपयोग नाही, आणि घरखर्चाला तर नाहीच. पैसे रुग्णाच्या हातात येतच नाहीत.

"मग आम्ही तीनशे रुपये कशाला भरले?" असा तिचा पुढचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर खाजनात आहे.

दिवाडी, चोडण, कुंभारजुवे या बाजूला ज्यांचे आयुष्य गेले त्यांना खाजन समजावून सांगायला नको. खाडीच्या पातळीपेक्षा खालची शेती, आणि खारे पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध. भरतीला मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारे पाण्याच्या दाबानेच मिटतात, ओहोटीला उघडतात. बांध एकाचा नसतो. ज्याची ज्याची शेती आत, त्याने त्याने आपल्या वाट्याची पट्टी भरायची. भगदाड माझ्या शेतासमोर पडेल की तुझ्या, हे भरती यायच्या आधी कोणाला ठाऊक नसते. म्हणून सगळे भरतात. ज्याच्या समोर यंदा काही फुटले नाही तो "माझे पैसे परत द्या" म्हणत नाही. त्याचे भात उभे राहिले, हाच त्याचा परतावा.

विमा याहून वेगळा नाही. कोण आजारी पडेल हे सांगता येत नाही, पण हजार घरांत मिळून साधारण किती जण पडतील हे बऱ्यापैकी सांगता येते. त्या अंदाजावर सगळा डोलारा उभा असतो.

आता गोम पाहा. समजा, खाजनाच्या वरच्या अंगाला, जवळजवळ मोरडीवर, म्हणजे उंच जमिनीवर, ज्याचे शेत आहे, तो म्हणाला, "पाणी माझ्यापर्यंत कशाला येते? मी पट्टी देत नाही." त्याच्यासारखे आणखी चारजण निघाले. बांधाची लांबी तेवढीच, डागडुजीचा खर्च तेवढाच, फक्त भरणारे कमी झाले. उरलेल्यांची पट्टी वाढली. ती वाढली म्हणून आणखी काही निघाले. शेवटी बांधाला अगदी लागून ज्यांची शेते आहेत तेवढेच उरतात, आणि त्यांना तो खर्च झेपत नाही.

आकड्यांत मांडतो, आकडे मनाचे आहेत, हिशेब मात्र खरा. हजार कुटुंबे एकत्र आली. वर्षात वीस जणांना इस्पितळात जावे लागले, प्रत्येकी एक लाख खर्च. एकूण वीस लाख, म्हणजे कुटुंबामागे दोन हजार. आता तरुण, धडधाकट अशी चारशे कुटुंबे बाहेर पडली. ती निरोगी असल्यामुळे त्यांच्यातला आजारी एखादाच होता, म्हणजे खर्च एकोणीस लाख उरला आणि भरणारी सहाशे कुटुंबे. वाटा झाला सुमारे 3,170 रुपये. या वाढीला कंटाळून आणखी दोनशे गेली, खर्च अठरा लाखांवर आला, कुटुंबे चारशे. वाटा साडेचार हजार. आजारपण कोणाचेच वाढलेले नाही, आणि हप्ता दुपटीच्या पुढे गेला.

बाजारातल्या विम्यात कंपनी म्हातारा माणूस, मधुमेही माणूस, आधी ऑपरेशन झालेला माणूस पाहून दचकते ती यामुळे. तिला भीती असते की ज्यांचे शेत बांधाला लागून आहे तेवढेच दारात येतील. त्यातून प्रतीक्षा काळ, आधीच्या आजारांच्या अटी, वयानुसार चढणारा हप्ता हे सगळे निघते. माझीच पॉलिसी साठीनंतर अशी चढली की मी कागद दोनदा वाचला. सरकारने वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून काढून टाकला, तेवढाच हलका श्वास. पण करामुळे महाग झालेली वस्तू आणि मुळातच महाग असलेली वस्तू यांत फरक आहे.

खासगी पॉलिसीबद्दल एक अनुभव सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. माझी पॉलिसी तीन लाखांची, खोलीच्या भाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. एका खासगी इस्पितळात तीन हजारांची खोली नव्हती म्हणून पाच हजारांची घेतली. मला वाटले, रोजचे दोन हजार पदरचे जातील, जाऊ देत. क्लेम आला तेव्हा कळले की कात्री केवळ भाड्याला लागत नाही. तीन हजाराला पाच हजार म्हणजे साठ टक्के, म्हणून औषधे वगैरे सोडून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग अशा बाकीच्या लाखभराच्या बिलाचेही साठच टक्के मिळाले. चाळीस हजार खिशातून गेले. हिशेबनीस असून मी ते कलम वाचले नव्हते, मग पाडेल्याच्या बायकोला मी कोणत्या तोंडाने हसणार?

तर धडधाकटांनी बाहेर पडण्याची ती वाट बंद करायचे दोन मार्ग जगाने शोधले. एक, सगळ्यांना भरायला लावा. जर्मनीने 1883 मध्ये कामगारांसाठी सक्तीचा आजार-विमा आणला तो असा. दोन, वेगळी पट्टी गोळाच करू नका, करातून बांध बांधा. ब्रिटनने 5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली ती या पद्धतीने. कर तर सगळेच भरतात. काडेपेटी विकत घेणाराही भरतो.

आपल्या तीनशे रुपयांकडे आता परत या. तीनशे रुपयांत चार लाखांचे संरक्षण जगातली कोणतीही विमा कंपनी देणार नाही. खरा पैसा राज्याच्या तिजोरीतून जातो. तुमचे तीनशे रुपये म्हणजे वर्गणीपेक्षा हजेरी जास्त. नाव नोंदले जाते, कुटुंबात किती माणसे ते कळते, आणि घेणाऱ्यालाही वाटते की हे फुकटचे नाही. पण हजेरी आली की गैरहजेरीही आली. कार्डाला मुदत असते, ते नव्याने करून घ्यावे लागते. मुंबईला मुलीकडे राहिलेली म्हातारी, नवऱ्यामागे कागदपत्रांचा पत्ता नसलेली विधवा, नवीन सुनेचे नाव अजून न चढवलेले घर अशांचे कार्ड नेमके इस्पितळाच्या खिडकीवर संपलेले निघते. माझ्या मावशीचे तसेच झाले होते. खिडकीवरचा मुलगा सज्जन होता, पण संगणकापुढे त्याचे काही चालले नाही. योजना 'सर्वांसाठी' आहे आणि सर्वजण योजनेत आहेत, या दोन वाक्यांच्या मधे बरेच लोक राहतात.

'सर्वांना आरोग्य संरक्षण' याचा जाणकारांच्या भाषेतला अर्थ तीन मापांनी सांगतात: किती लोक, कोणत्या सेवा, आणि खर्चाचा किती भाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या अहवालात त्याचा एक ठोकळा काढून दाखवला आहे. आपण बांधानेच सांगू. बांध लांब किती, म्हणजे किती लोकांची शेते आत आली. बांध उंच किती, म्हणजे केवढा मोठा खर्च तो अडवतो. आणि बांध घट्ट किती, म्हणजे कोणकोणत्या सेवा त्यात बसतात, का मधूनच पाणी झिरपते. निवडणुकीत बोलतात ते उंचीबद्दल. दोन लाखांचे पाच लाख केले, पाचाचे दहा करू. उंची मोजायला सोपी आणि फलकावर लिहायला त्याहून सोपी.

बांध राखणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारा, बांध कशाने फुटतो? भरती वरून गेल्याने क्वचित. बहुतेकदा फुटतो तो कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, भोकांनी. कुर्ली मातीत बोटभर भोक करते, त्यातून पाणी झिरपते, माती सुटते, आणि एका पौर्णिमेच्या भरतीला तिथेच भगदाड पडते.

आरोग्याच्या बांधातली भोके म्हणजे महिन्याच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, डॉक्टरची फी, रिक्षाभाडे. भारतात लोक खिशातून जो आरोग्यखर्च करतात त्याचा मोठा वाटा औषधांवर जातो, आणि दाखल न होता घेतलेल्या उपचारांवर. आपल्या बहुतेक सरकारी विमा योजना मात्र दाखल झाल्यावरच जाग्या होतात. 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झालेली आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाख देते, पण रोजच्या गोळ्यांना नाही. आपल्या कार्डाचेही तेच.

गोव्यासाठी ही गोष्ट किरकोळ नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात मधुमेहाचे देशातले सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघाले: 26.4 टक्के. चार प्रौढांमागे एक. मधुमेही माणसाला महिन्याला लागणाऱ्या गोळ्या काही शेकड्यांच्या. त्या चुकल्या, साखर तपासली गेली नाही, की काही वर्षांनी मूत्रपिंडे थकतात, पायाची जखम चिघळते, हृदयाची वाहिनी तुंबते. मग कार्ड बाहेर येते, आणि जो पैसा गोळ्यांसाठी नव्हता तो शस्त्रक्रियेसाठी निघतो. हिशेबाच्या दृष्टीने याला मी शुद्ध मूर्खपणा म्हणेन. भोक बुजवायला चिमूटभर चिखल नाही, पण भगदाडासाठी ट्रकभर चिरे मंजूर.

अर्थात गोव्यात सगळेच विम्यावर सोडलेले नाही, आणि ही जमेची बाजू नीट सांगितली पाहिजे. पणजीतली वैद्यकीय शाळा 1842 सालची, तिचीच पुढे गोमेकॉ झाली. म्हापसा आणि मडगावला जिल्हा इस्पितळे, फोंडा आणि चिखलीला उपजिल्हा इस्पितळे, शिवाय तालुक्यांत पसरलेली आरोग्य केंद्रे. छोटे राज्य, अंतरे कमी. सरकारी इस्पितळात बिलच नसेल तर विम्याची गरजच अर्धी होते. पाडेली वाचला तो कार्डामुळे नव्हे, बांबोळीला हाडांचे डॉक्टर आणि थिएटर रात्रीही चालू होते म्हणून. एखाद्या गावात इस्पितळच नसेल तर पाच लाखांचे कार्ड हे उघडे दुकान नसलेल्या बाजारातल्या नोटेसारखे.

पण गोमेकॉतली सकाळची ओपीडीची रांग ज्याने पाहिली आहे त्याला फुकटाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. पहाटेची पहिली बस, केसपेपर, नंबर, "अमुक तपासणीला पुढची तारीख". रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस बुडतो. तोही खर्चच, फक्त पावती नसलेला. म्हणून लोक खासगीत जातात, आणि खासगीत गेले की दर हा प्रश्न उभा राहतो.

दराचे प्रकरण मला सगळ्यात मनोरंजक वाटते. योजना प्रत्येक शस्त्रक्रियेचा ठोक दर बांधून देते. दर फार कमी ठेवला तर खासगी इस्पितळ योजनेतून अंग काढते, किंवा कार्ड दाखवल्यावर नेमके सगळे बेड भरलेले असतात. फार जास्त ठेवला तर नको त्या शस्त्रक्रिया व्हायला लागतात. हे नुसते तर्क नाहीत. 2008 मध्ये गरीब कुटुंबांसाठी तीस हजारांची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली होती. 2012 च्या सुमारास छत्तीसगड आणि बिहारमधून बातम्या आल्या की कार्डावरचे पैसे काढण्यासाठी बायकांची गर्भाशये गरज नसताना काढली गेली. दर ठरवणे, बिले तपासणे, फसवणूक पकडणे, इस्पितळाचे पैसे वेळेवर देणे ही कंटाळवाणी कारकुनी कामे आहेत, आणि योजना त्यांच्यावरच तरते किंवा बुडते. इस्पितळाचे पैसे सहा महिने थकले तर ते पुढच्या रुग्णाला काय सांगेल, हे सांगायला नको.

या कामासाठी काही राज्ये विमा कंपनीला दर कुटुंबामागे ठरावीक हप्ता देतात आणि जोखीम तिच्यावर टाकतात. काही राज्ये स्वतःची यंत्रणा उभारून इस्पितळांना थेट पैसे देतात. कंपनी असली तर दावे कमी आल्यावर नफा तिचा, म्हणून दावे नाकारण्याचा मोह. सरकारी यंत्रणा असली तर तो मोह नाही, पण बिलावर डोळे वटारणाराही कोणी नाही. नियोजन आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने 2011 मध्ये सर्वांसाठी आरोग्याचा आराखडा मांडला तेव्हा मुख्य भार सामान्य करांवर ठेवा, असे सांगितले होते. माझा कलही तिकडेच आहे. ज्याला विम्याचा धंदा करायचा त्याने तो करावा. गावाचा बांध मक्त्याने देऊ नये.

आता लांबीकडे येऊ, म्हणजे कोण आत आणि कोण बाहेर.

पाच वर्षांची अट आठवते ना? कुटबण आणि मालिमच्या जेटीवर ट्रॉलरवर राबणारा खलाशी, कळंगुटच्या शॅकमध्ये मोसमापुरता येणारा पोऱ्या, इमारतीच्या पायऱ्यांखाली झोपणारा गवंडी हे त्या अटीत सहसा बसत नाहीत. त्यांच्या गावच्या आयुष्मान कार्डावर देशात कुठेही योजनेतल्या इस्पितळात उपचार घेता येतात, पण कार्ड गावी पेटीत असते. आणि उलट बाजूने, आमच्या शेजारचे दोडामार्ग. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गची माणसे पिढ्यान्पिढ्या बांबोळीलाच यायची. जानेवारी 2018 पासून गोमेकॉत परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झाले तेव्हा दोडामार्गात मोठे आंदोलन उभे राहिले, ते तिकडच्या आणि इकडच्या पेपरांत महिनाभर गाजत होते. गोव्याचे म्हणणे, आमच्या करातून आमच्या लोकांना. त्यांचे म्हणणे, पन्नास किलोमीटरवरचे मोठे इस्पितळ सोडून आम्ही कुठे जायचे? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. अशा वेळी रुग्णाच्या राज्याने त्याच्या मागोमाग पैसा पाठवला तर भांडण मिटते, आणि विमा योजनेचा हा गुण मला मान्य करावाच लागतो. करातून चालणारे इस्पितळ सीमेवर थांबते. कार्ड सीमा ओलांडू शकते.

मधल्या लोकांचे दुखणे आणखी वेगळे. अगदी गरिबाला सरकारी योजना, पगारदाराला कंपनीचा विमा, आणि रिक्षावाला, छोटा दुकानदार, शिकवण्या घेणारी बाई यांना काहीच नाही. नीती आयोगाने 2021 च्या अहवालात या हुकलेल्या मधल्या वर्गाचा आकडा काढला तो लोकसंख्येच्या किमान 30 टक्के, सुमारे 40 कोटी. उत्पन्नाची अट नसल्यामुळे गोव्यात ही फट बरीच बुजली आहे. 29 ऑक्टोबर 2024 पासून केंद्रानेही सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मानमध्ये घेतले. वाड्यावर ज्यांना हे ठाऊक नाही त्यांना मी भेटेल तिथे सांगतो.

"तुमच्यासारख्यांचे ठीक आहे, भाई," पाडेल्याची बायको म्हणाली, आणि तिने पावत्यांची गुंडाळी पुढे सरकवली. आम्ही बेरीज केली. बाहेरून आणलेली औषधे, ड्रेसिंगसाठी रिक्षाच्या फेऱ्या, काठी, कमोडची खुर्ची. ती स्वतः दोन घरची कामे करते, त्यातले एक सुटले. आणि नवऱ्याची मजुरी शून्य. माडामागे पैसे घेणाऱ्या माणसाला चढता आले नाही की मिळकत तिथेच संपते. इस्पितळाचे बिल नसूनही सोनाराकडे तिची पाटली गेली होती.

कुंडई किंवा वेर्ण्याच्या कारखान्यात तिचा नवरा असता तर? 1948 च्या कायद्याने आलेली कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे आपली 'ईएसआय', मला आजही आपल्याकडची सगळ्यात पूर्ण कल्पना वाटते. महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्या कामगाराकडून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के. पंधरा हजार पगाराला कामगाराचे 112.50 रुपये आणि मालकाचे 487.50. त्यात दाखल होण्याचा खर्च आहे, ओपीडी आहे, गोळ्या आहेत, आणि आजारपणात 91 दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगारही. ईएसआय दवाखान्यांबद्दल लोक काय बोलतात ते मला माहीत आहे, आणि त्यातले बरेच खरे आहे. पण आखणी पाहा: माणूस पडला की घर पडू नये, हे तिथे पंच्याहत्तर वर्षांपूर्वी कोणाच्या तरी लक्षात आले होते. ज्याला मालकच नाही त्या पाडेल्यापर्यंत ते आणायचे कसे, हा प्रश्न तेव्हापासून तसाच पडून आहे.

देशाचा आकडा मात्र सरकतो आहे. 2013-14 मध्ये आरोग्यावरच्या दर शंभर रुपयांतले 64 लोकांच्या खिशातून जायचे, 2021-22 मध्ये 39. त्याच वर्षी सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) 1.84 टक्के होता. 2017 च्या आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत अडीच टक्के करायचे लिहून ठेवले होते. 2002 मधला थायलंड आजच्या भारतापेक्षा फार श्रीमंत नव्हता. ज्यांना दुसरे कुठले संरक्षण नव्हते त्या सगळ्यांना त्यांनी करातून आत घेतले, एका भेटीला तीस बाथ लावले, आणि इस्पितळांना दाखल रुग्णांबरोबरच आपल्या हद्दीतल्या माणसांच्या रोजच्या उपचारांसाठी डोई मोजून पैसे दिले. गोव्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 14,58,545 होती. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या, महिन्याची एक तपासणी आणि जवळच्या आरोग्य केंद्रात ठरलेला एक डॉक्टर एवढे त्याच कार्डावर आणून पाहायला याहून सोयीचे राज्य शोधूनही सापडणार नाही. चार लाखांचे सहा लाख करण्याआधी हे व्हावे असे मला वाटते.

पाडेल्याची जखम भरत नव्हती. दोन महिने झाले तरी टाक्यांच्या एका टोकातून पाणी येत होते. मी त्याला रिक्षात घालून बेतकीच्या आरोग्य केंद्रात नेले. नर्सने बोट टोचून साखर पाहिली, 268 निघाली. त्याला कधीपासून आहे हे कोणालाच सांगता आले नाही, कारण माडावर चढणाऱ्या माणसाची साखर कोणी कशाला तपासेल? गोळ्या तिथेच मिळाल्या, फुकट, महिनाभराच्या. पाकिटावर नर्सने पेनाने एक सूर्य आणि एक चंद्र काढून दिला, कोणती गोळी कधी ते कळावे म्हणून.

बायकोने ते पाकीट कार्डाच्या त्याच दुहेरी प्लास्टिकमध्ये सारले आणि विचारले, "फुडल्या म्हयन्यांत परत मेळटल्यो?"

"मिळतील," नर्स म्हणाली, "साठा आला तर."